काकूंच्या लोणच्याची बरणी

"लोणचं राहू दे गं," काकू म्हणाल्या, आणि माझ्या पायाशी ठेवलेल्या पिशवीतून त्यांनी बरणी परत काढून घेतली.

नुसती बरणी नाही. मग गोडा मसाला निघाला. मेतकूट निघालं, भाजणी निघाली. सगळ्यात शेवटी मऊ कापडात गुंडाळलेला चांदीचा बाळकृष्ण. तो तर असा झटकन उचलला की जसं काही मी त्याला घेऊन पळणारच होते. पिशवीत उरलं काय? प्रेशर कुकर, बिडाचा तवा आणि पुरणयंत्र. त्यांना विटाळ होत नसावा. शिवाय वजनाला तेच जड.

ठाण्याला नौपाड्यातलं त्यांचं घर. दुसरा मजला, बाहेरच्या खोलीत सोफा, सोफ्यावर मी. पाच मिनिटांपूर्वी याच हातांनी त्या पिशवी भरत होत्या. मी जर्मनीला राहते, तिथल्या एका हॉस्पिटलात नर्स आहे. त्यांचा मुलगा केदार त्याच गावात राहतो. सुट्टीवर आलेला माणूस परत निघाला की आपल्याकडे सगळ्यांना त्याच्या बॅगेत जागा दिसायला लागते. लेकासाठी हे ने, सुनेसाठी ते ने. नाही कोण म्हणतं? तिकडे बसल्यावर मेतकुटाची किंमत कळते. मी आपणहून काकूंना फोन केलेला, काय पाठवायचंय ते काढून ठेवा म्हणून.

बिघडलं ते बोलता बोलता. आईवडील कुठे असतात गं तुझे? कल्याणला. कल्याणला कुठे? मोहन्याला. अगं बाई, मोहन्याला आमच्या ह्यांचे एक मित्र होते, तिथल्या कंपनीत, ऑफिसात. मोहन्यात कुठे? मी म्हटलं, बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत. बाबाही कंपनीतच होते, मशीनवर.

काकूंचा हात पिशवीतच थांबला. "म्हणजे तुम्ही..." एवढंच म्हणाल्या. पुढचा शब्द तोंडातून निघेना. मग मीच सांगितला. बौद्ध.

"हो का? अरे वा," त्या म्हणाल्या.

वा कशाबद्दल ते त्यांनाच माहीत. मी काही लपवलेलं नव्हतं. आडनाव असं की दोन्हीकडे सापडतं, आणि त्यांनी आपल्या सोयीचं धरलं. चांगली नोकरी, स्वच्छ मराठी, म्हणजे आपल्यातलीच असणार. ही यांची अक्कल.

मग सुरू झाली कारणं. लोणच्याला फार जपावं लागतं. हात लागला की बिघडतं. शेजारचा मंदार पुढच्या महिन्यात जाणार आहे, त्याच्याबरोबर देईन. तू आपला कुकर तेवढा ने. बरणीला मेण लावलेलं, वर चिकटपट्टीचे वेढे, त्यावर प्लास्टिक. माझा हात आत शिरणार होता कुठून? पण हे विचारायचं नसतं. समोरचा हसून बोलत असतो ना.

रागाच्या आधी मला किळस आली.

कारण लोणचं मीही खाऊ घातलेलं त्यांना. गेल्या थंडीत काकू लेकाकडे आलेल्या आणि बर्फावर घसरून उजवा हात मोडून बसल्या. ॲडमिट होत्या माझ्याच हॉस्पिटलात. केदार कामावर, सून लहान मुलीत अडकलेली, काकूंना जर्मनचं अक्षर येत नव्हतं. ड्युटी संपली की मी त्यांच्या खाटेपाशी. डॉक्टर काय म्हणतो ते मराठीत सांगायचं, यांचं रडगाणं जर्मनमध्ये. केस मी धुतले त्यांचे. तिथला थंडगार पाव घशाखाली उतरेना, म्हणून घरून मऊ भात नि वरण न्यायचे, वर मी घातलेलं लिंबाचं लोणचं. उजवा हात प्लास्टरमध्ये, म्हणून घास मी भरवायचे. बोटं चाटायच्या तेवढ्या बाकी होत्या. तुझ्या हाताला काय चव आहे गं, लेकच आहेस माझी, हे त्यांचेच शब्द. तेव्हा नाही बिघडलं लोणचं.

तिकडे राहून एक गोष्ट माझ्या चांगली लक्षात आलीय. जर्मन माणूस विचारतो, तुम्ही कुठल्या? इंडिया म्हटलं की त्याचं समाधान होतं, फार तर बिर्याणीचं विचारतो. आपला माणूस इंडियात पोचून थांबत नाही. जिल्हा झाला, गाव झालं, आळी कुठली, घर कोणाच्या मागे, पार चुलीपर्यंत शिरल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. तिकडचे काही देव नाहीत. एका म्हाताऱ्याने मला तोंडावर सांगितलेलं, काळे हात नकोत मला. आमच्या मोठ्या नर्सबाईंनी तिथल्या तिथे सुनावलं, हेच हात आहेत, नको तर दुखणं घेऊन घरी जा. तो म्हातारा मला परवडला. निदान त्याने मला लेक म्हटलं नव्हतं.

सोफ्यावर बसून मी काय विचार केला ते सांगते. तिकडच्या आमच्या गावात मराठी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. मराठी मंडळ केदारच्या घरी भरतं. माझी लेक घराबाहेर मराठी बोलते ती तिथेच, केदारच्या मुलीशी. दोघी एकमेकींच्या जिवलग. उचल कुकर, हस, नमस्कार कर आणि नीघ, असं एक मन म्हणत होतं. बाकी कोणाला काय कळणार होतं? पण मला कळलेलं. तो कुकर मी विमानात घालून नेणार, केदारच्या हातात देणार, आणि माझी लेक बाजूला उभी राहून बघणार की आई कशाला हसतेय. आपली आई हमाल आहे हे तिने का बघावं?

मी कुकर काढला. तवा काढला. पुरणयंत्र काढलं. टीपॉयवर मांडून ठेवलं.

"हेही मंदारबरोबरच पाठवा," मी म्हटलं.

काकू गडबडल्या. रागावलीस की काय, आमच्या मनात तसं काही नाही गं, आमच्याकडे सगळ्या प्रकारचे लोक येतात. प्रकार! मी उभी राहिले. विचारलं, "तुमचा हात प्लास्टरमध्ये होता, तेव्हा भरवत कोण होतं तुम्हाला? तेव्हा मी कुठल्या प्रकारची होते?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. बाळकृष्णाचं कापड नीट करत राहिल्या.

"तेव्हा मला माहीत नव्हतं," काकू म्हणाल्या.

एवढं एकच वाक्य त्या दिवशी त्या खरं बोलल्या. मी चपला घातल्या.

मोहन्याला जायला आंबिवली स्टेशनात उतरले तोवर केदारचा फोन. बातमी माझ्याआधी जर्मनीला पोचलेली. आई जुन्या वळणाची आहे, मनावर घेऊ नकोस, मी सॉरी म्हणतो तिच्या वतीने. इथपर्यंत ठीक होतं. मग मुद्द्यावर आला. "मंडळात हे काढू नकोस, प्लीज. उगाच ग्रुप फुटेल. मुलींचा तरी विचार कर."

"मुलींचाच करतेय," म्हटलं आणि फोन ठेवला. शिकलेला माणूस, परदेशात राहतो, आणि काळजी कशाची, तर लाज बाहेर पडू नये याची. आईने केलं त्याची नाही. आईपेक्षा मला हाच जास्त हलका वाटला.

घरी आले तर बॅग उघडीच. माझ्या आईने तिचा तिखट मसाला आणि लसणाची चटणी सकाळीच बाहेर काढून ठेवलेली, काकूंच्या सामानाला जागा व्हावी म्हणून. त्यांचं आधी ने, आपलं काय, पुढच्या वेळी, असं म्हणालेली. मी तिला झालं ते सगळं सांगितलं. ती उठली. मसाला उचलून बॅगेत भरायला लागली, आणि रडली. आईला त्या बाईपायी रडताना बघितलं आणि माझं काय करायचं ते ठरलं.

परत गेल्यावर लेकीला मी हे सांगणार, दुसऱ्या कोणाकडून ऐकायच्या आधी. मग मंडळ भरेल तेव्हा तिचा हात धरून जाणार. मागे नाही, पुढे बसणार. गाणी होऊ देत, चहा होऊ दे. मग उभी राहून बोलणार. मी कोण, घर कुठे, नौपाड्यात काय झालं, कोण काय म्हणालं, शब्दन् शब्द. केदार समोरच असेल. ग्रुप फुटायचा तर फुटू दे. मान खाली घालायची असेल तर त्याने घालावी.