धोंडी, एक नग

आमच्या जीवशास्त्राच्या लॅबमधले किस्से कपाटावरच्या धुळीसारखे आहेत. शनिवारी कितीही झटका, सोमवारी परत तेवढेच! औरंगपुऱ्याजवळच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी अकरावीला सजीव-निर्जीव शिकवते. पण आज सांगतेय ते सगळे एकाच वर्षातले. त्या वर्षी मी तिसऱ्यांदा गरोदर होते. आधीची दोन पोटातच गेली होती, हे तरी राहावं एवढंच मला हवं होतं.

*

आमच्या लॅबमधला सांगाडा खरा आहे. चाचणीत 'मृत वस्तूचं उदाहरण द्या' असा प्रश्न होता. एका पोरीनं लिहिलं, "सांगाडा मृत नाही, कारण त्याची उंची वाढते." मी लाल पेनानं काट मारली, तर ती टेप घेऊनच हजर! रजिस्टरला उंची पाच फूट एक इंच. आम्ही मोजली, भरली पाच फूट दोन.

मी लॅब अटेंडंट धोंडीमामांना विचारलं. मामा कन्नडकडच्या मेंढपाळाच्या घरातले, त्यांना कशाचंच नवल नाही. म्हणाले, "तारा ढिल्या झाल्या आसतील." मग जरा थांबून, "नायतर नसतील बी."

*

कपाटात गव्हाची एक बाटली होती. झाकण मेणानं बंद, वर कुणीतरी फार पूर्वी चिकटवलेली चिठ्ठी: 'मृत बिया'. मला पाचवा महिना होता तेव्हा मामांनी ती माझ्या टेबलावर ठेवली. आत पाण्याचा थेंब नाही, आणि काचेला सगळीकडून पांढरे कोंब चिकटलेले! मी ती चिठ्ठी काढून टाकली. बाटली मात्र उघडायची हिंमत झाली नाही.

*

एकदा फळ्यावर सजीवांची लक्षणं लिहीत होते: हालचाल, श्वसन, वाढ, पुनरुत्पादन. चितेगावहून येणाऱ्या एकानं हात वर केला. "मॅडम, खेचराला पिल्लू होत नाय. मग ते निर्जीव का?"

वर्ग हसला आणि मधेच गप्प झाला. माझं सगळ्यांनाच माहीत होतं. पिल्लू झालं नाही तरी श्वसन आणि वाढ असतेच, म्हणून ते सजीवच, असं मी शांतपणे सांगितलं. उत्तर अगदी बरोबर होतं. तरी रडू आलं, ते मी डस्टरच्या धुळीवर ढकललं.

*

आता डेड स्टॉक रजिस्टर. कॉलेजातल्या न संपणाऱ्या निर्जीव वस्तूंची ही वही: टेबलं, सूक्ष्मदर्शक, तो सांगाडा. दर मार्चला एकेक वस्तू डोळ्यांनी बघायची आणि टिक करायची. त्या मार्चला मला नोंद सापडली, 'धोंडी. १ नग. स्थिती चांगली.'

झालं असं होतं, की जुन्या क्लार्कनं कपाटातल्या वस्तूचं नाव विचारलं, पुढं उभ्या मामांनी स्वतःचं सांगितलं आणि त्यानं तेच लिहिलं! मी हसत खोडायला पेन उचललं. मामांनी रजिस्टरवर हात ठेवला.

"खोडू नका मॅडम. माझ्या आधीची चार गेली, म्हणून आईनं धोंडी नाव ठिवलं. न्यायला येणाऱ्याला वाटावं, दगड हाय, ह्यात जीव नाय. इथं तर कागदोपत्री हाय, शिक्क्यासहित."

मागं एकदा मामा बसलेली जीप घाटात उलटली तेव्हा बाकीचे सगळे दवाखान्यात गेले आणि मामा चालत घरी आले, हे मला तेव्हा आठवलं. मी गुपचूप टिक केली.

*

माझी मुलगी सातव्या महिन्यातच झाली. दोन तळहातांत मावेल एवढी. डॉक्टर म्हणाले, आजचा दिवस काही सांगता येत नाही. मी काचेच्या पेटीशेजारी बसून फळ्यावरची लक्षणं मोजत होते. हालचाल नाही. श्वास मशीनचा. एकही लक्षण तिचं स्वतःचं नव्हतं.

दुपारी मामा आले, काखेत पिशवी. आईसोबत एकच माणूस, असा त्या वॉर्डाचा नियम, म्हणून माझा नवरा बाहेर जाऊन बसला. मामांनी बाळाकडं बघितलंसुद्धा नाही. पिशवीतून रजिस्टर काढलं, उघड्या दाराकडं तोंड केलं आणि हजेरी घेतल्यासारखं मोठ्यानं वाचलं.

"दगडाबाई. एक नग. डेड स्टॉक."

ओळीखाली बोट धरून ते पान त्यांनी तसंच दाराकडं धरून ठेवलं, समोरच्याला वाचायला वेळ लागावा तेवढं. मग अंग चोरून भिंतीला लागले, जाणाऱ्याला वाट द्यावी तसे.

पेटीत काहीतरी हललं. तिचा पाय होता.

तेवढ्यात सिस्टर तणतणत आत आल्या. "मॅडम, एका वेळी एकच नातेवाईक, किती वेळा सांगायचं? तुमचे मिस्टर तर बाहेर बाकावर बसलेत, मग आत्ता इथून गेले ते कोण तुमचे?"

मामा रजिस्टर पिशवीत घालत म्हणाले, "आमचं कुणी नाय, बाई. पत्ता चुकला होता त्यांचा."