बाहेरच्या रंगात गेलेली आईची भिंत

मित्रांनो, आज घरी घडलेलं लिहितो.

आमचं घर चिखल्याच्या खाणीकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून. मॅंगनीजचे ट्रक दारासमोरूनच जातात. म्हणून इथं बाहेरचा रंग सुट्टीच्या दिवशीच मारतात, ट्रक बंद असताना. बाबांनी तसं बजावलंही होतं. पण पुढच्या आठवड्यात ताईला पाहायला पाहुणे येणार आणि पेंटर उद्यापासून तुमसरला कामावर जाणार. मी हट्टानं आजच काम लावलं.

बजेट दोनच भिंतींचं होतं. एक समोरची, दुसरी आईच्या सयपाकखोलीतली, चुलीच्या धुरानं काळी झालेली.

समोरच्या भिंतीला पांढरा रंग देऊन झाला, तिचा डबा संपला आणि वळणावर ट्रक दिसले. मी रस्त्यावर धावलो, "भाऊ, हळू घ्या!" म्हणून ओरडलो. ताई भिंतीसमोर चादर धरून उभी राहिली. एकामागून एक ट्रक गेले. धूळ खाली बसली तेव्हा ओली भिंत काळपट झाली होती.

बाबा भडकले, "तुले सांगतलं होतं ना बे? आता दुसरा हात कायच्यानं मारशील?"

मग आई म्हणाली, "माह्या खोलीसाठी आणलेला रंग लावून टाका. पाहुणे आत थोडीच येऊन राहिले."

पेंटरनं तो डबा उचलला. मी त्याला थांबवलं नाही.

मागच्या दिवाळीतही आईचीच भिंत राहिली होती. आता ती त्याच काळ्या भिंतीपाशी बसून पेंटरसाठी चहा मांडून राहिली आहे.

खरं सांगा, तुमच्या घरी पैसे कमी पडले की आधी कोणाची भिंत राहते?