काही झालं नाही ना?

थेरगावात आमच्या समोर राहणाऱ्या वहिनींचं बोलणं "काही झालं नाही ना?" इथूनच सुरू व्हायचं. मिस्टर चाकणला कंपनीत. त्यांची बस जरा लांबली की वहिनी फोन लावत, गॅस बघत, कडी बघत घरभर फिरायच्या. आठवीतली मुलगी मागे मागे.

यंदा ऐन शाळेच्या वेळी मुलीचं पोट दुखायला लागलं. डॉक्टर म्हणाले, पोटात काही नाही, पोरगी घाबरतेय. एका सकाळी जिन्यात तिने वहिनींचा हात घट्ट धरला. "मी शाळेत गेल्यावर तुला काही झालं तर?"



दुसऱ्या दिवशी वहिनींनी तिला शाळेच्या बसपर्यंत एकटीला पाठवलं. "जा बाळा, मी मजेत आहे," हसून म्हणाल्या. ती खाली उतरताच आपला फोन माझ्या हातात कोंबला. "ताई, शाळा सुटेपर्यंत देऊ नका. मी मागितला तरी."

त्यांनी तो सारखा मागितला. मी दिला नाही.

दुपारी मुलगी मैत्रिणीशी तावातावाने भांडत जिना चढली. वहिनी घरात माझ्या शेजारी, दाराआड ओढणी पिळत उभ्या होत्या. भांडण संपेपर्यंत त्यांनी दार उघडलं नाही.