ठेचा निर्दोष होता

परदेशातल्या आमच्या पुंगोलच्या फ्लॅटमध्ये लुकसाहेब रडले, ते ठेच्यामुळे नाही. माझ्यामुळे.

हे वाक्य लिहायला मला बरीच वर्षं लागली. परवा दिवाळीत आमच्या चिरंजीवांनी, मंदारने, पाहुण्यांसमोर आईच्या ठेच्याची तीच गोष्ट पुन्हा रंगवून सांगितली. लोक खो खो हसले आणि आमची ही, सुनंदा, खाली मान घालून चकल्या वाढत राहिली. तेव्हाच मी ठरवलं. आता बस्स! खरं काय ते लिहून काढायचं, मग घरात मला कुणी चहा विचारला नाही तरी चालेल. (साखर कमी चालते. चहा मात्र लागतो.)

लुकसाहेब म्हणजे आंग मो किओच्या ऑफिसात मंदारचे वरिष्ठ. मूळचे बेल्जियमचे, फ्रेंच बोलणारे. मंदारचं काँट्रॅक्ट संपत आलं होतं. साहेबांनी शिफारस केली तर इथे राहून काम करायचा पास वाढणार, नाहीतर आम्ही सगळे बाडबिस्तरा घेऊन परत चिंचवडला! म्हणून त्यांना रविवारी जेवायला बोलावलं.

"बाबा, तुम्ही फक्त नमस्कार करा," मंदारने बजावलं. "सत्कार नको हं. प्लीज!"

आता सांगा, घरी मोठा माणूस येणार आणि त्याला शाल-श्रीफळ नाही? माझ्या हातून सत्कार चुकवून निसटलेला पाहुणा अख्ख्या चिंचवडात सापडणार नाही! आणि सत्कार म्हटला की पाहुण्यांचा परिचय आला, परिचय म्हटला की त्यांचं गाव आलं. मी आमच्या नातीला, इराला, इंटरनेटवर ते गाव शोधायच्या कामाला लावलं.

"आजोबा, पप्पा सेड नो स्पीच, लाह!"

"भाषण नाही गं. परिचय."

गाव निघालं भलतंच रसाळ! (नाव लिहीत नाही. त्यातली निम्मी अक्षरं उच्चारायची नसतात, आणि कुठली निम्मी ते कळत नाही.) मोठ्या शहराला चिकटलेलं नदीकाठचं उपनगर. आधी कोळशाची खाण, मग पोलादाचा कारखाना. ट्राम, कामगारांचं वाचनालय, स्वतःचं बँडपथक. भोंगा झाला की सगळं गाव जेवायला बसायचं. अहो, हे तर आमचं चिंचवडच, फक्त थंड! मी सगळं पाठ केलं.

रविवारी साहेब आले, दाराबाहेर बूट काढून हसतमुखाने कोचावर बसले. सूनबाई रविवार असूनही तांजोंग पगारच्या ऑफिसात अडकलेली. इरा कानांना हेडफोन लावून तिच्या खोलीत. सुनंदा स्वयंपाकघरात. एवढ्यात बर्फ संपल्याचं लक्षात आलं आणि मंदार ब्लॉकखालच्या दुकानात पळाला.

हीच ती वेळ! कोचामागे लपवलेली शाल मी साहेबांच्या खांद्यावर टाकली, हातात नारळ ठेवला आणि इंग्रजीत सुरू झालो.

"आपल्या गावाचं भाग्य थोर, की त्याला असे नगराध्यक्ष लाभले! कारखान्यामागच्या त्या कुबट चाळी त्यांनी एका झटक्यात पाडल्या आणि तिथे पोहण्याचा तलाव बांधला!"

"त्या चाळीत," साहेब हळूच म्हणाले, "शेवटचं घर माझ्या आजीचं होतं."

इथे कुठलाही शहाणा माणूस थांबला असता. पण पाठ केलेल्या परिचयाला ब्रेक नसतो! गाडी थेट पुढच्या परिच्छेदात घुसली.

"काही हटवादी बायका दारात खुर्च्या टाकून बसल्या, पण नगराध्यक्ष डगमगले नाहीत..."

"पहिली खुर्ची तिची."

आता सावरायला तर हवं! मी म्हटलं, "मग आजीबाईंसाठी आपण दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू." आणि उभे राहिलो. मी हात जोडून, साहेब शाल-नारळासकट. पूर्ण शांतता. आणि त्या शांततेत आतून कुकरने जी लांबलचक शिट्टी फुंकली!

"भोंगा," साहेब पुटपुटले. "अगदी असाच." आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहू लागलं.

दार उघडलं. बर्फ घेऊन मंदार.

"बाबा! सर रडतायत का?"

त्याचा चेहरा मी पाहिला. पास, फ्लॅट, इराची शाळा, सगळं त्या पिशवीतल्या बर्फासारखं वितळताना दिसलं. समोर टेबलावर वाटी होती. तिच्याकडे बोट दाखवून मी बोलून गेलो, "ठेचा! चाखला त्यांनी."

"आणि ही शाल?"

"नाक पुसायला!"

साहेब खरे सज्जन. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं, चमचाभर ठेचा तोंडात टाकला आणि "हा! हू!" करत तोंडाला वारा घालू लागले. मला पित्तामुळे ठेचा वर्ज्य. सोबत म्हणून मी नुसताच "हाय हाय" केलं.

सुनंदा बाहेर आली. "अहो, काय झालं?"

"तुझा ठेचा!"

"आई, परदेशी माणसाला इतकं तिखट?" मंदारने अख्खी वाटी कचरा खाली टाकायच्या नळकांड्यात उपडी केली. सुनंदा माझ्याकडे एकदा बघून आत निघून गेली.

शिफारस झाली. पास वाढला. पाहुण्यांसमोर ठेचा मात्र आमच्या घरात कायमचा बंद झाला.

हे सगळं लिहून काल मी सुनंदाला समोर बसवलं आणि खणखणीत आवाजात वाचून दाखवलं.

"झालं?" ती म्हणाली. "तुमचं भाषण तेव्हाच आतून ऐकलं होतं मी."

"मग बोलली का नाहीस?"

"पोराची नोकरी टिकायची होती ना! आणि अहो, परदेशी पाहुणा म्हणून ठेचा मी नुसत्या ढोबळ्या मिरचीचा केला होता. इरानेसुद्धा पोळीला लावून खाल्ला असता. त्यावर तुम्ही दोघं बापे हा-हू काय करत होतात, तेच बघत होते मी!"

म्हणजे तो ठेचा साहेबांना झोंबला नव्हता, कुणालाच झोंबण्यासारखा नव्हता. इतकी वर्षं तो झोंबत होता एकट्या मला, आणि मी तर तो चाखलाही नव्हता!