अण्णांचं मत आणि आठ नंबरची लाईन

फ्लाय फिशिंग मला अण्णांनी शिकवलं. ते माझे सख्खे भाऊ नव्हेत. कन्नड मुलखातल्या आमच्या शहरात, राजाजीनगरात, पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरातले, यंत्रांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. सगळा रस्ता त्यांना अण्णा म्हणतो म्हणून मीही म्हणू लागले. मी मूळची निपाणीकडची, नोकरीसाठी त्याच शहराच्या दुसऱ्या टोकाला मारतहळ्ळीत येऊन राहिलेली. मराठी मंडळाच्या एका गणपतीत पंगतीला ते माझ्या शेजारी बसले आणि ताकभात संपेपर्यंत फक्त मरळ माशाबद्दल बोलले. "एकदा ये बघायला," आपल्या कन्नड मिसळलेल्या मराठीत म्हणाले, "स्वल्प उन्हात उभं राहायची तयारी ठेव." पुढच्या रविवारी मी गेले आणि मग जातच राहिले.

आनेकलच्या पुढे एक तलाव होता, तिथे आम्ही जायचो. धरलेला मासा परत पाण्यात सोडायचा हा अण्णांचा नियम. त्यांच्या बायकोला, म्हणजे अक्कांना, तो मुळीच पटत नसे. "मग जाता कशाला?" असं त्या दर वेळी विचारत आणि डबाही दर वेळी भरून देत.

साध्या गळाला शिसं लावतात, ते शिसं दोरीला ओढत लांब नेतं. फ्लाय फिशिंगमध्ये उलटं असतं. गळावर पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी इतकी हलकी, की ती फेकताच येत नाही. फेकायची असते ती लाईन, म्हणजे दोरी. म्हणून लाईनलाच वजन असतं आणि त्या वजनाला नंबर. हलकीला लहान नंबर, जडला मोठा. माझी लाईन पाच नंबरची होती, अण्णांची आठ. अण्णा म्हणत, मरळ जलपर्णीच्या कडेला दडून बसतो, वारा आडवा येतो, माशी मोठी लागते, पाच नंबर तिथवर पोचत नाही. मी म्हणायचे, आठ नंबर पाण्यावर पडली की अर्ध्या तलावाला कळतं, कुणीतरी आलंय. मासे त्यांना जास्त मिळत, हेही सांगायला हवं.

दुसरा वाद देशाच्या नेतृत्वाचा. तो लाईनच्या वादापेक्षा जुना आणि जास्त कडू होता. अण्णांना वर एकच ठाम माणूस हवा होता. त्यानं ठरवावं, बाकीच्यांनी करावं. हे त्यांनी पेपरात वाचलेलं मत नव्हतं. त्यांच्या कारखान्यात शेवटची काही वर्षं कुणी निर्णयच घेत नव्हतं. यंत्रं गंजत होती आणि साहेब लोक एकमेकांकडे बोट दाखवत होते. कारखाना त्यांच्या डोळ्यांदेखत बंद पडला. माझं मत नेमकं उलट्या अनुभवातून आलेलं. आमच्या ऑफिसात एक बडा साहेब होता, त्याला कुणी नाही म्हणत नसे. त्याच्या एका हट्टापायी आमची अख्खी टीम घरी गेली. मला असा नेता हवा होता, ज्याच्या खोलीत बसून कुणीतरी त्याला 'हे चुकतंय' म्हणू शकेल.

एकदा मी म्हटलं, "म्हणजे तुम्हाला पंतप्रधानही आठ नंबरचाच हवा."

अण्णा हसले नाहीत. "लाईनचं लाईनपाशी ठेव. हे देशाचं आहे," म्हणाले.

निवडणुकीच्या आधीचा एक रविवार होता. ढग आले होते, म्हणून मी उन्हाचा चष्मा डोक्यावर सरकवला होता. वारा होता. अण्णा माझ्या डाव्या हाताला उभे राहून लाईन मागेपुढे झुलवत होते. माशी जड व्हावी म्हणून पितळी मणी लावलेली, मरळसाठीची. बोलणं अर्थात निवडणुकीवर आलं होतं. मी काहीतरी बोलले, त्यांच्या नेत्याबद्दल, जरा टोचून. उत्तर द्यायला त्यांनी मान माझ्याकडे वळवली, हात मात्र चालूच राहिला. "तुला कारखाना बंद पडताना बघायला..." एवढं मी ऐकलं आणि डाव्या डोळ्यावर कुणीतरी बुक्की मारल्यासारखं झालं.

दुखलं नाही आधी. फक्त डावीकडचं सगळं गेलं. हात वर नेला तर अण्णांनी तो घट्ट धरला. "हात लावू नको. काहीही ओढू नको." त्यांचा आवाज अगदी कारखान्यातला होता, शांत आणि कोरडा. त्यांनी लाईन कापली, चहाचा कागदी कप डोळ्यावर उपडा ठेवून पट्टीनं चिकटवला आणि मला गाडीत बसवलं. आनेकलच्या बाजारातून हॉर्न वाजवत त्यांनी गाडी शहराकडे काढली. हॉस्पिटलच्या दाराशी मात्र, "ही माझी तंगी आहे," असं कन्नडमधून सांगता सांगता त्यांचा आवाज फुटला. तंगी म्हणजे धाकटी बहीण. त्या शब्दानं त्यांनी मला त्याआधी कधी हाक मारली नव्हती.

गळ बुबुळातून आत गेला होता. ऑपरेशन झालं, पुढे आणखी एक झालं. उजेड कळतो, माणूस पुढे उभा आहे हे कळतं, चेहरा कळत नाही. यापुढे एवढंच, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

मतदानाच्या दिवशी माझा नवरा पुण्याला कामावर अडकला होता. मी घरीच बसायचं ठरवलं होतं. सकाळी बेल वाजली, दारात अण्णा. शहराचं एक टोक ते दुसरं टोक गाडी चालवत आले होते, बोटाला शाई लागलेली.

"चल," म्हणाले. "मत द्यायला."

"अण्णा, मी कुणाला देणार ते तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे. आवर लवकर, रांग वाढेल."

शाळेच्या आवारात लांबच लांब रांग होती. माझ्या डोळ्यावर अजून कवच होतं, त्याला धक्का लागू नये म्हणून ते माझ्या डाव्या बाजूनं हात आडवा धरून चालले. केंद्राच्या दाराशी पोलिसानं त्यांना थांबवलं, तेव्हा मागच्या एका बाईला विनंती केली, "हिला पायरी दाखवा, सरी?" सरी म्हणजे कन्नडमधलं 'बरं का'. मी आत जाऊन त्यांच्या नेत्याच्या विरोधात बटण दाबलं आणि बाहेर आले. ते तसेच उन्हात उभे होते.

पुढच्या महिन्यांत मला डोळ्यापेक्षा जास्त त्रास झाला तो अण्णांच्या गप्पपणाचा. ते यायचे, फळं आणायचे, बसायचे. मी काहीही म्हटलं तरी म्हणायचे, "तुझं बरोबर आहे." निकाल लागला, त्यावर आमच्या घरात केवढी बोलाचाली झाली. अण्णा फक्त मान हलवत राहिले. आठ नंबरच्या लाईनचा रॉड, म्हणजे गळाची काठी, त्यांनी माळ्यावर टाकला होता. मला वाटायचं, समोर बसलेला हा माणूस कुणी वेगळाच आहे.

एका दुपारी मी राजाजीनगरला त्यांच्याकडे जेवायला गेले होते. टीव्हीवर त्यांच्या आवडत्या नेत्याचं भाषण चालू होतं. मी मुद्दाम म्हटलं, "या माणसानं आजवर एकही काम धड केलेलं नाही." हे मलाही खरं वाटत नव्हतं.

"असेल. तुझं बरोबर असेल," अण्णा म्हणाले.

मी ताट बाजूला सारलं. "अण्णा, हे बंद करा. मला तुमची दया नको आहे."

"दया नाही. माझ्या बोलण्यापायी तुझा डोळा गेला. आता कुठल्या तोंडानं बोलू?"

"बोलण्यापायी नाही गेला. हातात रॉड असताना तुम्ही मान वळवलीत आणि मी हाताच्या अंतरावर होते, म्हणून गेला. तुम्ही पावसापाण्यावर बोलत असतात तरी गेला असता."

अक्का आमटी वाढता वाढता थांबल्या. "माझ्याशीसुद्धा असंच. काल भाजीत मीठ घालायला विसरले, तर म्हणाले छान झाली आहे. मला भीती वाटते ग यांची."

अण्णांनी भात कालवायला घेतला. मग खाली बघतच म्हणाले, "एकही काम नाही, हे खोटं आहे." मान वर केली. "रस्ते बघ. आणि निर्णय घेतो तो. चुकतही असेल. पण घेतो."

"कुणाला विचारून घेतो?"

"सगळ्यांना विचारत बसला तर काय होतं ते मी बघितलं आहे," ते म्हणाले, आणि आवाज थोडा चढला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. अक्कांनी टीव्ही बंद केला. आम्ही आमटी निवेपर्यंत भांडलो. त्या दिवशी मी त्यांना पटवू शकले नाही, ते मला पटवू शकले नाहीत. घरी परतताना, अपघातानंतर पहिल्यांदाच, मी रिक्षात मोकळेपणी रडले.

त्या हिवाळ्यात आम्ही पुन्हा तलावावर गेलो. एका डोळ्यानं अंतर कळत नाही. माशी पानापाशी पडली की पानावर, ते मला हाताला ताण लागल्यावरच समजतं. अण्णा माझ्यापासून दूर, बांधाच्या वळणापलीकडे उभे राहतात. माशीवर मणी लावत नाहीत आणि आठ नंबरची लाईन त्यांनी कायमची सोडली. त्या वाऱ्यात मरळसाठी तीच बरोबर होती, हे मी त्यांना अनेकदा सांगितलं आहे. ते ऐकत नाहीत.

राजकारण निघालं की ते आधी लाईन गुंडाळतात, रॉड गवतावर आडवा ठेवतात, माझ्या उजव्या बाजूला, मला दिसतील असे येऊन बसतात आणि मग म्हणतात, "हं, आता बोल."