वच्छलाच्या पुढं कोणी जायचं नाही

त्या दिवशी आम्ही सातजण भंडाऱ्याच्या मैदानाजवळ, पाण्याच्या टाकीखाली नुसते उभे होतो. सहा वाजले, सव्वासहा झाले, थंडीनं पाय आखडले, तरी कोणी पाऊल टाकेना. कारण वच्छला आली नव्हती, आणि वच्छला पुढं असल्याशिवाय आमची पलटण निघत नसे. नऊ वर्षांत तिला एकदाही उशीर झाला नव्हता. देवराव गुरुजी, म्हणजे आमचे निवृत्त मास्तर, हे सकाळचं फिरणं त्यांनीच सुरू केलेलं, ते म्हणाले की अजून पाच मिनिटं पाहू. तेवढ्यात माझा फोन वाजला. तिच्या मुलाचा, रमेशचा. "काकू, आई गेली," एवढंच बोलला. झोपेतच गेली. पायात मोजे होते म्हणे. ती मोजे घालूनच झोपायची, सकाळी वेळ जाऊ नये म्हणून... फोन ठेवला तरी आम्ही कितीतरी वेळ तिथंच उभे होतो. पुढं कोणी व्हायचं, हेच कोणाला कळेना.

आता हे पुढं होण्याचं काय प्रकरण आहे, ते सांगते. वच्छला पहिल्यांदा आमच्यात आली तेव्हा गुरुजी तरातरा पुढं, त्यांच्यामागं दोन-तीन चपळ मंडळी, आणि आम्ही जाडजूड बायका मागं धापा टाकत, असं चालायचं. चार दिवस तिनं पाहिलं. पाचव्या दिवशी कुठूनशी एक बांबूची काठी घेऊन आली आणि रस्त्यात सगळ्यांच्या पुढं जाऊन ती आडवी धरली. म्हणाली, आजपासून जिचा पाय सगळ्यात मंद तिनं पुढं चालायचं, काठीच्या पुढं कोणी जायचं नाही. गुरुजी हसले. तर तिनं त्यांना तिच्या मायची गोष्ट ऐकवली. वच्छलाचं माहेर कोंढ्याचं, धानाचं घर. रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत चिखलानं भरलेल्या बांधीत बायकांची रांग लागली की तिची माय मंद हाताच्या बाईला रांगेच्या मधोमध घ्यायची आणि बाकीच्यांना तिच्या हातानं चालायला लावायची. कोणी पुढं पळाली की म्हणायची, "रांग तुटली तं धान हसते वो." धान हसतं की नाही मला माहीत नाही, पण त्या दिवसापासून गुरुजी मागं चालू लागले. आणि सगळ्यात मंद पाय वच्छलाचाच होता, म्हणून काठीही तिच्याकडं राहिली. टेकायला तिनं ती कधी वापरली नाही. वापरली ती फक्त आडवी धरायला.

दरवर्षी थंडीत आमची एक सहल असते. पवनीच्या बाजूला वैनगंगेच्या काठी एक जुनी बाग आहे. कोणा राजाच्या काळची म्हणतात, आम्ही तिला दगडी बाग म्हणतो. चिंचेची म्हातारी झाडं, एक बांधीव विहीर, आणि मागच्या बाजूला परकोटाचा, म्हणजे जुन्या तटाचा उरलेला तुकडा. त्या परकोटावर चढायला दगडी पायऱ्या आहेत, साठाच्या वर असतील. बागेचा पूर्ण फेरा म्हणजे विहिरीपासून निघून परकोटावरून उतरायचं. वर बसून शिदोरी खायची. शिदोरीत कोणी काय आणायचं तेही ठरलेलं. लाखोळीच्या डाळीचे वडे वच्छलाचे, त्यात कोणी हात घालायचा नाही.

यंदा दिवाळीनंतर तिला छातीचा त्रास झाला. नागपूरला नेलं, डॉक्टरांनी जपून राहायला सांगितलं. सहलीच्या आठवडाभर आधी रमेश माझ्या घरी आला. पोरगा वाईट नाही हो, आईवर जीव आहे त्याचा. डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "काकू, ती तुमचंच ऐकते. तिला त्या पायऱ्या चढू देऊ नका." मला त्याचं पटलं. पण तिला तोंडावर नाही म्हणायची माझी छाती होईना. म्हणून मी खोटं बोलले. सहल पुढच्या रविवारी आहे असं सांगितलं, आणि बाकीच्यांना या रविवारी जायचं ठरवलं. गुरुजींनाही सामील करून घेतलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा आम्ही मंद पायाला मागं टाकून निघायचं ठरवलं, आणि त्याला काळजी असं नाव दिलं.

आणि मग मी काय शहाणपणा केला पहा. वडे कोण करणार? मी. लाखोळीची डाळ आणली. शनिवारी सकाळी हातात डाळ घेऊन उभी, आणि किती वेळ भिजवायची ते आठवेना. सवयीनं फोन उचलला आणि वच्छलालाच विचारलं!  ती शांतपणे म्हणाली, "चार तास. जास्त नोको ठेवू." आणि फोन ठेवला. मला वाटलं, सुटले.

रविवारी सकाळी आमची गाडी दगडी बागेच्या फाटकाशी थांबली, तर फाटकालगतच्या ओट्यावर वच्छला बसलेली. अंगात लाल स्वेटर, डोक्याला मफलर, मांडीवर डबा, बाजूला काठी. आदल्या दिवशी दुपारच्या एसटीनं भावाकडं कोंढ्याला गेली होती, पहाटे वडे तळले आणि भाच्याच्या मोटारसायकलवर बसून आमच्या आधी येऊन ठेपली. गाडीतून उतरायची कोणाची हिंमत होईना. शेवटी मीच उतरले. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"काय वो सिंधू, डाळ भिजली काय?"

मी मान खाली घातली. ती उठली, लुगड्यावरचा कचरा झटकला आणि फेऱ्याच्या वाटेला लागली. काठी आडवी. आम्ही सगळे मागं, शाळेतून पळालेली पोरं पकडून आणावी तसे.

पायऱ्यांशी आल्यावर गुरुजींनी एकदा म्हणून पाहिलं की वच्छलाबाई, आपण सगळेच खाली बसू. ती म्हणाली, "गुरुजी, तुमाले बसाचं असन तं बसा. मी बसाले आली नाही." आणि चढू लागली. पाच पायऱ्या झाल्या की थांबायची, भिंतीला हात लावून श्वास घ्यायची, की पुन्हा पाच. मागं आम्हीही पाच चढायचो आणि थांबायचो. मी तिच्या पाठीशी दोन्ही हात अर्धे उचलून चढत होते, पडली तर धरावी म्हणून... अर्ध्यात तिला रमेशचा फोन आला. त्याला भाच्यानं सांगितलं असावं. ती ऐकत राहिली, तो काय काय बोलत होता. मग म्हणाली, "रमेश, मी चढून राहिली. उतरल्यावर बोलतो." आणि फोन माझ्या हातात दिला, ठेव म्हणून.

वर पोचायला अर्धा तास लागला असेल. खाली वैनगंगेवर धुकं, पलीकडं धान निघालेल्या बांध्यांमधून लाखोळी हिरवीगार पसरलेली. ती त्या लाखोळीकडं बघत बसली. चेहरा घामेजलेला, ओठ जरा निळसर. मला भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू? तिनं माझ्या डब्यातला एक वडा उचलला, चावला, आणि मोठ्या कष्टानं गिळला. मग हळूच, मला एकटीलाच ऐकू येईल असं म्हणाली, "तू खोटी बोलली ते माफ आहे तुले. पोराच्या डोयात पानी पाह्यलं अशीन. पन मले सोडून निंगाले होते तुमी लोक. रांग तोडली."

 मग तिनं आपल्या डब्यातला एक वडा माझ्या हातावर ठेवला.

त्यानंतर ती पाच आठवडे जगली. रोज सकाळी आली, रोज पुढं चालली. तेराव्या दिवशी मांडवात बायका कुजबुजत होत्या की या वयात थंडीत परकोट चढवला, दुसरं काय होणार. माझ्याकडं बघून बोलत होत्या. त्या दिवशी मी गप्प बसले. आज बसणार नाही. तिला कोणी चढवलं नाही. आम्ही तर तिला घरी ठेवायला निघालो होतो. ती स्वतः चढली, आणि स्वतःच्या पायांनी उतरली. त्या पायऱ्यांनी तिचे दिवस कमी केले असतील, तर केले असतील. मला ठाऊक नाही, डॉक्टरांनाही नसेल. पण खाटेवर बसवून ठेवलेल्या वच्छलाला मी ओळखलं नसतं, आणि तिनंही स्वतःला ओळखलं नसतं.

रमेशनंच मला त्या दिवशी बाजूला बोलावलं. मला वाटलं, आता हा बोलणार. तर त्यानं घरातून काठी आणून माझ्या हातात दिली. म्हणाला, "काकू, उतरल्यावर तिनं खरंच फोन केला होता. मी रागानं उचलला नाही. तासाभरानं पुन्हा केला तिनं, तेव्हा उचलला. पायऱ्या मोजून सांगत होती." आणि तो ओट्यावर बसून लहान पोरासारखा रडला.

पुढच्या आठवड्यात गुरुजींनी सगळ्यांना बोलावलं. घाबरले होते बिचारे. म्हणाले, आता सहल बंद करू, आणि ज्यांना त्रास आहे त्यांनी घरीच फिरावं, अंगणात. दोघा-तिघांनी माना हलवल्या. मी तिथं वाद घातला नाही. माझं बोलणं लांबतं, आणि लांबलेलं बोलणं कोणी ऐकत नाही.

दुसऱ्या दिवशी पावणेसहालाच टाकीखाली जाऊन उभी राहिले. सगळे आले. गुरुजी सवयीनं थांबले, मग आता थांबायचं कारण नाही हे आठवून पाऊल उचललं. मी त्यांच्यासमोर काठी आडवी धरली.

"सिंधूताई, तुम्ही कायले पुढं?"

"माझा डावा गुडघा दोन वर्षांपासून गेला आहे गुरुजी. ती पुढं होती म्हणून कोणाला दिसला नाही."

ते माझ्या गुडघ्याकडं बघत राहिले. मग एक पाऊल मागं सरले. आम्ही निघालो. मी हळू चालते, वच्छलापेक्षाही हळू. मागून कोणाचं तरी घड्याळ पाहणं चाललेलं मला कळत होतं. पाहू देत. येत्या थंडीत दगडी बागेत जायचं आहे, पायऱ्या चढायच्या आहेत, पाच-पाच करून. डाळ चार तास भिजवीन. वडे तरीही कडक होतील, ते तेवढं सगळ्यांनी खायचं. काठी सध्या माझ्या दाराशी, चपलांच्या बाजूला उभी असते. मीही आता मोजे घालूनच झोपते.