पोटातली गाठ

तिसऱ्या महिन्यातच माझं पोट पाचव्यासारखं दिसायला लागलं, तेव्हा जुळं होणार असं सासूबाईंनी ठरवून टाकलं. शेजारणींना सांगूनही झालं. मला मात्र चैन नव्हतं. कूस बदलली की आत काहीतरी जड सरकायचं.

नवरा हिंगण्याच्या कारखान्यात होता. त्याची दुसरी पाळी असताना आम्ही सकाळीच रामदासपेठेत डॉक्टरीणबाईंकडे गेलो. तेव्हा आमच्याकडे सोनोग्राफी नव्हती. त्यांनी बराच वेळ हातानंच चाचपलं.

"मूल एकच आहे," त्या म्हणाल्या. "शेजारी अंडाशयावर गाठ आहे. लहान नारळाएवढी."

"मग काढून टाका ना," नवरा म्हणाला.

"आत्ता हात लावला तर मूल पडायची भीती. चौथा महिना सरू द्या. मधेच जोराची कळ आली तर मात्र लगेच या. गाठीला पीळ पडू शकतो."

"कॅन्सर आहे का?" मी विचारलं.

"काढून तपासल्याशिवाय सांगता येणार नाही."

ते थांबणं मला जमेना. बसले की उठायचे. घासलेली भांडी पुन्हा घासायचे. पोटात गॅस धरला तरी घाम फुटायचा.

"काहून वं, सारखी येरझारा घालून राहिली?" सासूबाईंनी एकदा विचारलं.

"बसलं की तिकडंच ध्यान जाते, आई."

 त्या पायात चपला घालत म्हणाल्या, "चाल मंग, मीबी येतो." तेव्हापासून रोज संध्याकाळी आम्ही दोघी वस्तीतल्या विहारापर्यंत जाऊन यायचो. जुळ्याचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

चौथा महिना सरल्यावर ऑपरेशन झालं. शुद्धीवर येताच मी मुलाचं विचारलं. "आहे," नर्स म्हणाली. गाठ नवऱ्याला दाखवली होती, आत केसांचा पुंजका होता म्हणे, काही गाठींत असतो तसा. तपासणीत ती साधी निघाली, कॅन्सर नव्हता. टाकेही सुकले. तरी जीव थाऱ्यावर येईना, कारण बाळ हलत नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणायच्या, अजून वेळ आहे. मी श्वास रोखून वाट पाहायचे. एका दुपारी कणीक मळताना आत हलकंसं फडफडलं. पिठाचे हात तसेच धरून मी खाली बसले.

भरल्या दिवसांची मुलगी झाली, ठणठणीत. पण ती शांत झोपली की मला धीर निघायचा नाही. मी गालाला बोट लावून तिला जागं करायचे.

"झोपू दे ना वं तिले," सासूबाई म्हणायच्या.

ती रडायला लागली, की मग मी जेवायला बसायचे.